येलवालची धूळ

मेस्त्रींना कुणाच्या घरी घेऊन जायची सोय नव्हती. यजमान दारात "या, या" करत उभे, आणि हे चौकटीशीच खोळंबलेले. आधी बोटाच्या पेराने लाकडावर टकटक करायचे. मग कोपऱ्यातला रंग नखाने खरवडायचे. खरवडलेल्या जागी जिभेवरून फिरवलेलं बोट लावायचे, कारण लाकूड ओलं झालं की त्याचा खरा रंग दिसतो. आणि मग त्या भल्या माणसाला सांगायचे, "सागवान न्हाई हे. फसलात तुम्ही." एवढं ऐकल्यावर कोण मनापासून कॉफी देणार?

एकदा ते पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. मुलगी उप्पिटाच्या बशा घेऊन बाहेर आली, तेव्हा मेस्त्री तिच्या आजोबांच्या आरामखुर्चीखाली उताणे पडून लाकडाचा वास घेत होते. खुर्चीत आजोबा बसलेले होते. तरीही लग्न ठरलं, हा त्या मुलीचा मोठेपणा. मुलगी कशी आहे असं घरी आल्यावर विचारलं, तर मेस्त्रींना काही सांगता येईना. खुर्ची जुन्या शिसवीची होती आणि मागचा उजवा पाय नंतर बदललेला होता, एवढं मात्र त्यांना पक्कं आठवत होतं.

ही गोष्ट मला त्यांच्या बायकोने, अक्कांनी, सांगितली. सांगताना हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मीही पोट धरून हसलो. पुढे कितीतरी वर्षं मी मेस्त्रींच्या असल्या गोष्टी सांगून लोकांना हसवत होतो. विक्षिप्त माणसं लोकांना फार आवडतात, विशेषतः ती दुसऱ्याच्या घरात असली की. आता मी ते बंद केलं आहे. कुणी आग्रह केलाच, तर जे खरं सांगायला हवं तेच सांगतो: या माणसाने एका चित्रासाठी बायकोची वीणा कापली. मग कुणी हसत नाही आणि मलाही बरं वाटतं.

मी म्हैसुरात आलो तो बदली होऊन, साताऱ्याकडून. एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. लग्न व्हायचं होतं. लष्कर मोहल्ल्यात, सुतारांच्या आणि लोहारांच्या ठोकाठोकीत, मला एक माडीवरची खोली मिळाली. खाली पुढच्या बाजूला मेस्त्रींचं कामाचं दुकान, मागे त्यांचं घर, वर मी. त्यांचे पूर्वज राजाच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण ती मराठी अशी की तीन शब्द झाले की चौथा कन्नड. पहिले काही दिवस मी नुसता मान डोलवत असे. सहा महिन्यांत मीही ताटावर हात आडवा धरून "साकु, साकु" म्हणायला लागलो. मेस्त्री मला 'रायरे' म्हणत, म्हणजे रावसाहेब. अक्का 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझं रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच असायचं.

मेस्त्रींचं काम म्हणजे लाकडातलं जडावकाम. शिसवीच्या काळ्या फळीवर चित्राच्या रेषा उतरवायच्या, त्या रेषांच्या आतला भाग थोडा खोल खणून घ्यायचा, आणि त्या खाचेत वेगळ्या रंगाच्या लाकडाचा पातळ तुकडा, बरोबर त्याच आकाराचा, सरस लावून बसवायचा. पिवळ्याला फणस, लालसर रंगाला एक लाकूड, पांढऱ्याला दुसरं. त्या गल्लीत हे काम करणारे आणखी चार-पाच होते. हवा तो रंग मिळाला नाही की ते सरळ रंगवलेलं लाकूड घालत. गिऱ्हाइकाला काय कळतंय? पॉलिश चढलं की सगळं सारखंच. मेस्त्रींना मात्र हे ऐकलं तरी चालत नसे. "बण्ण लावायचा असंल तर कागूद काय वाईट हाय?" असं म्हणून ते समोरच्या दुकानाकडे बघून थुंकत. बण्ण म्हणजे रंग. समोरच्या दुकानाचा मालक त्यांचा सख्खा चुलतभाऊ होता.

मी भारावून गेलो होतो, हे कबूल करतो. दिवसभर मी कचेरीत मोऱ्या आणि पुलांचे नकाशे काढायचो. साहेबांनी त्यावर लाल पेन्सिल ओढायची आणि मी पुन्हा तेच काढायचं. त्यामुळे संध्याकाळी मेस्त्रींच्या दुकानात उतरलं की वाटायचं, काम म्हणावं तर हे. ते मला बैल काढायला सांगत. मी काढलेला बैल बघून म्हणत, "ह्याचं वजन कुठं हाय, रायरे?" मग मी पुन्हा काढे. सहाव्या का सातव्या बैलाला ते काही न बोलता कागद उचलून घेत आणि फळीवर चिकटवत. तेवढ्यावर मी आठवडाभर हवेत असे. घरी लिहिलेल्या पत्रांत मी त्यांच्याबद्दल पानंच्या पानं लिहीत असे. आईने एकदा उलट विचारलं, "त्या माणसाच्या बायकोचं कसं चाललंय?" आईचे प्रश्न तेव्हा मला फार घरगुती वाटायचे.

बायकोचं कसं चाललं होतं ते सांगतो.

अक्का वीणा वाजवत. त्यांच्या वडिलांनी लग्नात दिलेली, फणसाच्या लाकडाची वीणा होती ती, आणि वडिलांकडेही ती कुणाकडून तरी जुनीच आली होती. रोज सकाळी अंघोळ झाली की अक्का एक तास वाजवत. मग जुन्या रेशमी लुगड्याची शिवलेली खोळ वीणेवर चढवायची आणि स्वयंपाकाला लागायचं. संध्याकाळी मोहल्ल्यातल्या सहा-सात मुली शिकायला येत. त्यांचं चुकलं की अक्का रागावत नसत, नुसत्या आपली वीणा वाजवायच्या थांबत. मुलींना ते रागावण्यापेक्षा जास्त लागे.

मला गाण्यातलं काही कळत नाही. पण सकाळी माडीवर दाढी करताना मी एक पाहिलं होतं: अक्का ऐन रंगात आल्या की थांबायच्या. एकदा मी विचारलं, "अक्का, आणखी वाजवावंसं वाटत नाही?"

"वाटतंय की, तम्मा. वाटतंय म्हणून तर उठते," त्या म्हणाल्या. "वाटायचं थांबंपर्यंत बसले तर उद्या सकाळी कशाला बसू?" आणि सांबाराची डाळ बघायला आत गेल्या.

मी हे मेस्त्रींना मोठ्या कौतुकाने सांगितलं. ते हातातल्या कानशीवरून नजर न काढता म्हणाले, "तिचं सुम्ने हाय, रायरे. वेळ जातोय." सुम्ने म्हणजे उगाच. ज्याला जेवायला उठता येतं तो कलावंतच नव्हे, असा त्यांचा हिशेब होता. मेस्त्री स्वतः जेवायला उठत नसत. त्यांचं ताट अक्का दुकानात नेऊन ठेवत, भुश्यापासून जपायला वर केळीचं पान झाकत, आणि तासाभराने गार झालेलं ताट परत आणून पुन्हा गरम करत. त्याला आम्ही सगळे तपश्चर्या म्हणत होतो. तपश्चर्येचं ताट गरम कोण करतंय, हे कुणी विचारलं नाही.

मी राहायला आल्यानंतर वर्षभरात त्या मोठ्या चित्राला सुरुवात झाली. लाकूड बघायला म्हणून मेस्त्री येलवालला गेले होते. परत येताना बस चुकली आणि हुणसूरच्या रस्त्यावर ते उभे राहिले. उन्हं कलली होती, बाजारातून परतणाऱ्या बैलगाड्यांची रांग चालली होती, आणि चाकांखालून उठलेल्या धुळीत ते ऊन शिरलं होतं. एवढंच. बस आली ती त्यांनी सोडली, त्यानंतरचीही सोडली, आणि चालत घरी आले. आल्याबरोबर मला खाली बोलावलं. "धूळु," ते म्हणाले. "धूळु बसवायची हाय मला. बाकी सगळं सुम्ने." त्यांचे पाय सुजले होते. अक्का गरम पाण्याचं घमेलं घेऊन उभ्या होत्या आणि ते पाय द्यायला तयार नव्हते, कारण हाताने हवेत धूळ दाखवायची होती.

चार फूट लांब चित्र होतं. रेखाटनं माझी. गाड्या, बैल, गाडीत झोपलेला माणूस, वडाची झाडं, सगळं बसत गेलं. दीड वर्षात चित्र झालं, फक्त एक जागा सोडून. पहिल्या गाडीच्या चाकाखाली तळहाताएवढी खाच रिकामी राहिली. तिथे ती धूळ यायची होती.

नवा फणस हळदीसारखा पिवळा दिसे. मग त्यांनी फणसाच्या चकत्या गच्चीवर उन्हात वाळत टाकल्या. त्या लाल झाल्या. मग चुलीच्या वर तारेला टांगून धुरात ठेवल्या. महिनाभर आमच्या सांबाराला लाकडाचा वास होता आणि चकत्या काळ्या पडल्या. बेट्टदपुरला अक्कांच्या माहेरी कुणाचं तरी जुनं घर पाडत होते, तिथून त्यांनी दोन तुळया आणल्या. त्या पोखरलेल्या निघाल्या. एकदा मी कचेरीतून आलो तर माझ्या खोलीच्या दारात वीतभर चौकोनी भोक. मेस्त्री म्हणाले, "हवा येतंय की आता, रायरे." रंग अर्थातच जमला नव्हता. मी रागावायला हवं होतं. मी काय केलं? कचेरीतल्या दोघा मित्रांना मुद्दाम घरी आणून ते भोक दाखवलं. इतका मी त्या माणसाच्या वेडाचा वाटेकरी झालो होतो, आणि मला त्याचा अभिमान होता.

त्याच सुमारास अक्कांना रेडिओ केंद्राचं पत्र आलं. त्यांच्या एका शिष्येच्या वडिलांनी परस्पर अर्ज भरून पाठवला होता. परीक्षेला या, तुमचं वाद्य घेऊन या, अशा अर्थाचं चार ओळींचं पत्र. अक्कांनी पन्नाशी ओलांडली होती. मेस्त्रींना सांगितलं तेव्हा ते "हौदा?" म्हणाले, म्हणजे "असं का?", आणि पुन्हा खाचेकडे वळले. मला मात्र अक्कांनी ते पत्र तीनदा वाचायला लावलं. "चुकून तर न्हाई ना आलं, तम्मा? नाव माझंच हाय ना?" दुसऱ्या दिवसापासून त्यांचा एक तासाचा रियाज दीड तासाचा झाला. अर्धा तास वाढला, बस. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीसाठी त्यांनी एवढीच सवलत घेतली.

आणि एका संध्याकाळी मुली शिकून गेल्यावर खोळ चढवायची राहिली. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं ते वीणेच्या घटावर, म्हणजे त्या मोठ्या पोकळ भागावर, जी पातळ सपाट फळी असते तिच्यावर. मेस्त्री पाणी प्यायला आत आले होते. ते तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले. मग वाकले. जिभेवरून फिरवलेलं बोट फळीच्या कडेला लागलं.

"हात लावू नका हं," अक्का आतून म्हणाल्या.

"बघतोय सुम्ने," मेस्त्री म्हणाले.

त्या दिवसापासून मेस्त्री रोज सकाळी अक्कांचा रियाज ऐकायला बसू लागले. ज्या माणसाने तीस वर्षांत एकदाही बायकोची वीणा ऐकली नव्हती, तो हातातलं काम टाकून भिंतीला टेकून दीड तास बसे. अक्कांचं मन कसं फुललं असेल! त्या मला हळूच म्हणाल्या, "बघितलंत का तम्मा? इतक्या वर्षांनी ह्यांचे कान उघडले. रेडिओचं पत्र आलं म्हणून असंल, अल्वा?" त्या आरशात बघून कुंकू लावायला लागल्या होत्या रियाजाला बसण्याआधी.

मेस्त्रींची नजर कशावर आहे, ते मला माहीत होतं. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मी अक्कांना म्हणालो, "हो, असेल." दुसरं काही बोललो असतो तर त्यांचा आनंद गेला असता, असं मी स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी की ती खाच भरलेली मलाही बघायची होती.

परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. बेट्टदपुरला अक्कांच्या भावाकडे बारसं होतं, त्या दोन दिवसांसाठी गेल्या. जाताना वीणेची खोळ दोनदा ओढून सारखी केली. शनिवारी माझी अर्ध्या दिवसाची कचेरी. दुपारी घरी आलो तर दुकानाच्या मधोमध चटईवर वीणा उताणी, घट उघडा. तारा काढून, एकेकीची गुंडाळी करून, प्रत्येकीला क्रमाचा कागद बांधून ओळीने ठेवलेल्या. तारांखालची घोडी घडी केलेल्या पंच्यावर. इतकी काळजी त्यांनी आयुष्यात कुठल्या माणसाची घेतली नव्हती. घटावरची फळी लाकूड पकडायच्या शिकंज्यात अडकवलेली होती.

"बरं झालं आलात, रायरे," मेस्त्री म्हणाले. "शिकंज्यात थरथरतंय. कड उडंल. धरा जरा."

मी म्हणालो, "मेस्त्री, अक्कांना विचारलंत का?"

"विचारलं तर देईल का ती?" ते म्हणाले. यात काही लपवाछपवी नव्हती. त्यांना खरोखरच एवढाच मुद्दा दिसत होता. "नवी फळी घालून देतोय की. माझ्यासारखी फळी म्हैसुरात कोण घालंल?"

ते खोटं नव्हतं. मी बॅग खाली ठेवली आणि फळी धरली. पुढे कित्येकदा मी स्वतःला सांगितलं की मी नसतो तरी त्यांनी कापलीच असती. बहुधा कापली असती. पण मी होतो.

तुकडा कापून झाला. मग त्यांनी वीणेला नवी फळी बसवली. सांधा कुठे आहे ते मला समोर बसून दिसेना. फक्त नवी फळी पिवळी जर्द दिसत होती आणि बाकी वीणा मधासारखी. मेस्त्रींनी थोडा वेळ विचार केला. मग ते समोर चुलतभावाच्या दुकानात गेले आणि एक बाटली घेऊन आले. आयुष्यभर ज्या गोष्टीवर ते थुंकत आले, ती त्यांनी त्या दिवशी कापसाच्या बोळ्याने वीणेला लावली. तीन हात दिले. रंग तंतोतंत जुळला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, तिथे लाज नव्हती. चित्रात खोटं लाकूड चालणार नव्हतं. वीणेत चालणार होतं, कारण वीणा त्यांचं काम नव्हतं.

अक्का रेडिओच्या परीक्षेला गेल्या नाहीत. वाद्य दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्यांनी घरी बोलावलं. त्याने फळीवर कान ठेवला, टिचकी मारली, आणि म्हणाला की काम उत्तम आहे, लाकूड चांगलं आहे, पंधरा-वीस वर्षं वाजवत राहिलात तर आवाज उघडेल. अक्कांनी त्याला कॉफी दिली. मग एकेका मुलीला दुसऱ्या बाईंचा पत्ता दिला. वीणेवर खोळ घातली आणि ती कोपऱ्यात उभी केली. भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. ताट दुकानात जात राहिलं, गरम होत राहिलं. अधूनमधून मेस्त्रीच विचारत, "याके, का वाजवत न्हाईस हल्ली?" आणि ते टोमण्याने नव्हे, अगदी मनापासून. बाईला काय झालंय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

चित्र बंगलोरला गेलं. एका मोठ्या कचेरीच्या दर्शनी भिंतीवर लागलं, तिथे अजून आहे. त्यानंतर मेस्त्रींच्या हातून तसं काही झालं नाही. दोन चित्रं अर्धी राहिली, मग डोळे गेले, मग ते गेले. शोकसभेला मोहल्ल्यातली सगळी माणसं आली होती. समोरच्या दुकानाचा चुलतभाऊ रडला. एकाने म्हटलं की या माणसाने कलेसाठी आयुष्य दिलं. सगळ्यांनी माना हलवल्या. स्वतःचं दिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. मलाही बोलायला उभं केलं. मी पाच मिनिटं त्यांच्या निष्ठेबद्दल बोललो, चांगलं बोललो, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या अक्कांकडे एकदाही न बघता खाली बसलो.

हे सगळं मी भराभर सांगून टाकलं, कारण मधली एक सकाळ सांगायचं मी टाळत होतो.

अक्का बेट्टदपुरहून रविवारी संध्याकाळी परतल्या. आणलेला खाऊ शिकायला येणाऱ्या मुलींसाठी बाजूला काढला, बारशाच्या गोष्टी सांगितल्या. वीणेकडे त्यांनी बघितलं, पण खोळ तशीच होती. सोमवारी सकाळी नेहमीसारख्या अंघोळ करून बसल्या. मेस्त्री भिंतीला टेकून बसायला आले नाहीत, ते दुकानात होते. मी माडीवर दाढी करत होतो.

पहिली तार वाजली आणि थांबली. खुंटी पिळल्याचा आवाज आला. पुन्हा वाजली, पुन्हा थांबली. दुसरी तार. मग बराच वेळ काही नाही. मग बोटाने लाकडावर टकटक. मी तोंडाला साबण तसाच ठेवून जिन्यात आलो. अक्का वीणेवर वाकून फळीचा वास घेत होत्या.

"अहो," त्यांनी हाक मारली. "ही माझी न्हाई."

मेस्त्री हात पुसत आले. चेहरा हसरा. दोन दिवस दाबून ठेवलेली आनंदाची बातमी सांगायला मिळाल्यासारखा. "फळी तेवढी बदलली. बाकी सगळी तुझीच हाय. ओळखू आली तुला? कुठनं ओळखलीस? सांधा तर दिसत न्हाई."

"आवाज कुठं हाय तिचा?" अक्का म्हणाल्या.

मेस्त्रींनी वाकून स्वतः तार छेडली. कान देऊन ऐकलं. अगदी प्रामाणिकपणे ऐकलं. "सारखाच हाय की," ते म्हणाले. "मला तर सारखाच ऐकू येतंय." मग त्यांनी अक्कांचा हात धरला. मी त्या घरात होतो तेवढ्या काळात मी हे एकदाच पाहिलं. हात धरून त्यांना दुकानात नेलं. मी मागोमाग गेलो. चित्र भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. "बघ. वाया न्हाई घालवली मी. बघ कुठं बसलीय ती."

अक्का बघत राहिल्या. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. खाली वाकून त्यांनी त्या चाकाखाली बोट फिरवलं, एकदा, कडेकडेने.

"रायरे, तुम्ही सांगा हिला," मेस्त्री म्हणाले. "ड्राइंगवाले हाय तुम्ही. बण्ण बरोबर हाय का न्हाई?"

मला खोटं बोलता आलं असतं. नाही जमलं, मेस्त्री, असं म्हटलं असतं तर त्यांनी मला घरातून काढलं असतं, आणि अक्कांच्या बाजूला निदान एक माणूस उभा आहे असं त्यांना दिसलं असतं. पण मी चित्राकडे बघितलं आणि चाकाखालून धूळ उठलेली होती. त्या धुळीत ऊन होतं. इतकं बरोबर काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्याचा मला आजही राग येतो.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

अक्कांनी मान हलवली. मग त्या सरळ उभ्या राहिल्या. तीस वर्षं त्या या दुकानाच्या मागच्या घरात राहिल्या होत्या. जुनी पातळ फळी नुसत्या शिकंज्यात धरून अशी नितळ कापता येत नाही, हे सांगायला त्यांना कुणाची गरज नव्हती.

"कापताना फळी कोण धरली?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडावरचा साबण वाळत चालला होता. मी तोंड उघडण्याआधी मेस्त्रीच बोलले, भरभरून, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

"रायरेंनी धरली. स्वल्पसुद्धा हलू दिली न्हाई. फार स्थिर हात हाय ह्यांचा."

त्यांनी माझं केलेलं कौतुक ते एवढंच.